बुरैद्याचे दिवे, पुण्याचे टँकर

मंडळाचा कुठलाही कार्यक्रम घ्या. फराळाच्या प्लेट्स हातात आल्या की साधारण दहाव्या मिनिटाला कोणीतरी सुस्कारा सोडतं, "आपल्या लोकांना शिस्तच नाही हो! इथले रस्ते बघा आणि आपलं पुणं बघा." लगेच सगळ्यांच्या माना डोलतात. मग वाघोलीची वाहतूक, हिंजवडीचे खड्डे, उंड्रीचे टँकर अशी आरती सुरू होते, आणि आरती संपल्यावर प्रसाद यावा तसा शेवटचा प्रश्न येतो, "बरं, त्या नव्या प्रोजेक्टमध्ये बुकिंग केलंत का? अजून प्री-लाँच रेट आहे म्हणे!" (रेरा कायद्यानुसार नोंदणी होण्याआधी फ्लॅट विकायला बंदी आहे, पण ते असो.)

माझं म्हणणं एवढंच आहे की या सुस्काऱ्याचा आणि या बुकिंगचा एकमेकांशी फार जवळचा संबंध आहे. तो आपण सोयीस्करपणे बघत नाही. म्हणून हा लेख. काही मंडळी रागावतील, पण स्मरणिकेत दरवर्षी प्रवासवर्णनंच लिहायची असा काही नियम नाही!

मी राहतो बुरैद्याला. रियाधकर मंडळी या गावाचं नाव काढलं की "तिकडे काय, खजूर आणि उंट" एवढंच म्हणतात. रियाधपासून साधारण साडेतीनशे किलोमीटर, अल-कसीम प्रांताचं हे मुख्य शहर. ऑगस्ट-सप्टेंबरात पहाटेपासून खजुराचा बाजार भरतो, सुक्करी जातीच्या खजुरांनी भरलेल्या पिकअपच्या रांगा लागतात. २०२१ मध्ये युनेस्कोने खाद्यसंस्कृतीसाठी आपल्या सर्जनशील शहरांच्या यादीत याचं नाव घातलं, तेव्हा आमच्या ऑफिसातल्या बुरैदावासीयांची छाती काय फुगली होती म्हणून सांगू!

आमचं भाड्याचं घर शहराच्या अगदी कडेला, एका नव्या वस्तीत आहे. इथे नवी वस्ती होते कशी, तर आधी कागदावर 'मुखत्तत' तयार होतो, म्हणजे आखलेला नकाशा. चौकोनी प्लॉट, त्यांना नंबर, मधून रस्ते. मग ते रस्ते प्रत्यक्ष जमिनीवर येतात, डांबर पडतं, दुभाजक बसतात, दिव्यांचे खांब उभे राहतात. घरं सगळ्यात शेवटी. आमच्या गल्लीत चार व्हिला आहेत, दोन प्लॉटना नुसतं कुंपण आहे आणि बाकी वाळू. रात्री त्या वाळूवर ओळीने दिवे जळत असतात. कोणासाठी, ते त्यांनाच ठाऊक. भारतातून नव्याने आलेला प्रत्येक सहकारी हे बघून भारावतो आणि म्हणतो, "बघा, याला म्हणतात शिस्त!"

मुळीच नाही. शिस्तीबद्दल बोलायचं तर त्याच मोकळ्या, सुंदर, उजळलेल्या रस्त्यावर इथली पोरं रात्री गाड्या भरधाव आडव्या घसरवतात. त्या प्रकाराला 'तफहीत' असं खास नाव आहे. सिग्नलला उजव्या कडेच्या लेनमधून अचानक डावीकडे वळणारे महाभाग तर तुम्ही सगळ्यांनीच पाहिले आहेत. माणसं सगळीकडे सारखीच. इथला रस्ता रुंद आहे कारण तो घराच्या आधी आला. घर आल्यावर त्याला रुंद करणं कोणालाच जमलं नसतं, राजालासुद्धा जड गेलं असतं.

इथे सगळं आलबेल आहे असंही मी म्हणत नाही. रस्ता आणि दिवा आधी येतो, पण सांडपाण्याची वाहिनी कित्येकदा मागाहून येते, आणि तोवर घराखालच्या टाक्यांवर काम चालतं. पाण्याचा टँकर इथेही आहे. त्याला इथे 'वायत' म्हणतात. कसीममध्ये जमिनीखालचं जे पाणी वापरतात ते हजारो वर्षांपूर्वी वालुकाश्मात साठलेलं आहे, ते पुन्हा भरत नाही. त्या पाण्यावर गहू पिकवणं परवडत नाही हे उमगल्यावर सरकारने देशी गव्हाची खरेदी २००८ पासून टप्प्याटप्प्याने कमी करत २०१६ मध्ये थांबवली होती (पुढे ती मर्यादित प्रमाणात परत सुरू झाली). आणि आखलेले प्लॉट वर्षानुवर्षं मोकळे ठेवून भाव वाढण्याची वाट बघणारे जमीनदार इथेही आहेतच. त्यांना हलवायला २०१५ मध्ये रिकाम्या शहरी जमिनीवर वर्षाला अडीच टक्के शुल्काचा कायदा झाला, आणि २०२५ मध्ये ते शुल्क दहा टक्क्यांपर्यंत नेता येईल अशी दुरुस्ती झाली. थोडक्यात, तेलाच्या पैशावर आणि नगरसेवकाला न विचारता झालेली ही व्यवस्था आहे. तिची भक्ती करायचं काही कारण नाही.

यातून घ्यायची गोष्ट एकच, ती म्हणजे क्रम. आम्ही सॉफ्टवेअरवाले दिवसभर तेच तर करत असतो! सर्व्हर नाही, बॅकअप नाही, टेस्टिंग नाही आणि 'गो-लाइव्ह' मात्र सोमवारी, असं क्लायंट म्हणाला तर आपण त्याच्यासमोर हात टेकतो. मग आपल्याच आयुष्यभराच्या बचतीचं गो-लाइव्ह पाण्याशिवाय कसं काय चालतं?

आणि हा क्रम शिकायला पुणेकरांनी वाळवंटात यायची गरजच नव्हती. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून जमिनीखालून नळ काढून पाणी शहरात आणलं, हौद बांधले. पेठा वाढल्या त्या हौदांच्या आधाराने. नगररचनेचा देशातला पहिला कायदा आपल्याच मुंबई इलाख्यातला, १९१५ सालचा. त्या कायद्यात युक्ती अशी होती की अनेकांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ता, बाग, शाळा यांची जागा आधी काढून घ्यायची आणि उरलेल्यातून प्रत्येकाला नीट आकाराचा प्लॉट परत द्यायचा. शिवाजीनगर किंवा एरंडवण्यातल्या एखाद्या जुन्या बंगल्याचे कागद काढून बघा, पत्त्यात 'फायनल प्लॉट नंबर' सापडेल. तो आकडा म्हणजे त्या क्रमाची खूण. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, निम्मं गाव वाहून गेलं, आणि पूरग्रस्तांसाठी शहराच्या तेव्हाच्या कडेला गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती झाल्या. त्या घाईतसुद्धा आधी प्लॉट आणि गल्ल्या पडल्या. आज सहकारनगरच्या झाडांखालून चालताना हे एकेकाळी गावाबाहेरचं माळरान होतं यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. हडपसरजवळ मगर मंडळींनी तर २००० सालानंतर आपली सुमारे चारशे एकर जमीन स्वतःच एकत्र करून मगरपट्टा वसवला. म्हणजे आम्हाला जमतच नाही, असंही नाही.

मग आता काय झालं? पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावं घेतली, जून २०२१ मध्ये आणखी २३. वाघोली, बावधन, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, मांजरी. क्षेत्रफळाने राज्यातली सर्वांत मोठी महापालिका म्हणून बातम्या आल्या. पण गावं आत आली तेव्हा बारा-बारा मजल्यांच्या इमारती तिथे आधीच उभ्या होत्या. परवानगी मिळाली ती कशाच्या जोरावर? बिल्डरच्या हमीपत्रावर! महापालिकेचं पाणी येईपर्यंत मी स्वखर्चाने पाणी देईन, असं त्याने लिहून द्यायचं. सोसायटी हस्तांतरित झाली की बिल्डर पुढच्या गावाला जातो आणि ते हमीपत्र फाइलमध्ये झोपतं. महापालिकेच्या हद्दीबाहेरच्या भागासाठी २०१५ मध्ये पीएमआरडीए स्थापन झालं. त्यांचा प्रारूप विकास आराखडा आला २०२१ मध्ये, त्यावर हजारो हरकती आल्या, आणि २०२५ मध्ये शासनाने तो आराखडाच रद्द केला. दहा वर्षं आराखडा नाही. इमारती मात्र एक दिवस थांबल्या नाहीत.

त्यात भर म्हणजे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासक. या २३ गावांचा विचार करा. ग्रामपंचायत गेली, सरपंच गेला, आणि नगरसेवक मिळायला साडेचार वर्षं लागली. नळाला पाणी नाही म्हणून कोणाचं दार वाजवायचं, तर दारच नव्हतं.

हे मी वर्तमानपत्र वाचून लिहीत नाही. माझे आई-बाबा किरकटवाडीत राहतात. बाबांनी निवृत्तीनंतर, ताईचं घर जवळ पडतं म्हणून, तिथे फ्लॅट घेतला. खडकवासल्याचं धरण तिथून हाकेच्या अंतरावर. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणं मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी, आणि त्याच्या उंबऱ्यावर राहणारी माझी आई सकाळी टँकरचा हॉर्न ऐकून उठते. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या याच पट्ट्यात गिया-बारे सिंड्रोमची साथ आली. धडधाकट माणसाच्या पायातली शक्ती दोन दिवसांत जाते, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. दोनशेहून जास्त रुग्ण झाले, काही दगावले. बरेचसे नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागातले. रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि बोट पाण्याकडे वळलं. या गावांना विहिरीतून जे पाणी जात होतं त्यात क्लोरीन टाकत होते, पण ते शुद्धीकरण केंद्रातून जात नव्हतं, कारण त्या गावांसाठी असं केंद्रच नव्हतं. त्या महिन्यात मी इथून रोज दोनदा फोन करायचो. "आई, उकळून घेतलंस ना?" "हो रे बाबा, वीस मिनिटं." वाळवंटात बसून धरणाशेजारच्या आईला पाण्याबद्दल विचारायचं!

आता येतो मुद्द्यावर. तुम्ही म्हणाल, यात आमचा काय दोष? बिल्डर, महापालिका, शासन, त्यांना सांगा. सांगूच. पण एक साधा प्रश्न स्वतःला विचारा. पाणी नसलेलं घर विकत घ्यायला कोण तयार होईल? ज्याला पुढच्या महिन्यात तिथे राहायला जायचं आहे तो नाही होणार. तो पहिल्याच भेटीत नळ उघडून बघेल. पाणी नसलेलं घर निश्चिंतपणे घेऊ शकतो तो फक्त एकच माणूस: ज्याला तिथे राहायचंच नाही. म्हणजे आपण! दुबई-दोह्याच्या हॉटेलात भरणाऱ्या प्रॉपर्टी प्रदर्शनांत गुळगुळीत ब्रोशर बघून, क्लबहाऊस आणि जॉगिंग ट्रॅक मोजून, 'दहा वर्षांनी परत गेल्यावर बघू' म्हणत चेक फाडणारे आपण. पाण्याआधी इमारत उभी करण्याचा धंदा चालतो तो या बिनतहानेच्या गिऱ्हाइकाच्या जोरावर. पहिले हप्ते आपले, म्हणून पहिला मजला उभा राहतो. मग शेजारच्या फ्लॅटमध्ये एखादं तरुण जोडपं कर्ज काढून खरोखर राहायला येतं आणि टँकरची बिलं भरतं.

इंग्लंडात मी एम.एस्सी. करत होतो तेव्हा आमच्या विद्यापीठाच्या गावात नवी वसाहत होत होती. तिथे १९९० च्या कायद्याच्या १०६ व्या कलमाखाली नगरपालिका बिल्डरकडून शाळा, रस्ते, बागा यांचा करार आधी करून घेते. स्थानिक लोक त्या सभांना जाऊन तासनतास भांडतात. कंटाळवाण्या सभा! पण भांडायला माणूस हजर लागतो. आपल्या सोसायट्यांत वार्षिक सभेला निम्म्या खुर्च्या रिकाम्या, कारण निम्मे मालक रियाध, मस्कत, न्यू जर्सीत.

कुलपाची आणखी एक गंमत सांगतो. राज्याच्या नियमानुसार सहकारी सोसायटीतला फ्लॅट तुम्ही भाड्याने दिलात तर सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क जास्तीचं भरावं लागतं. कुलूप लावून ठेवलात तर त्यातलं काही नाही. म्हणजे घरात माणूस आणला तर भुर्दंड, कोळ्यांना जाळी विणू दिली तर माफी! इथल्या सौदी सरकारला रिकाम्या जमिनीवर पैसे घ्यावेसे वाटले, आणि आपल्याकडे रिकाम्या घराला सवलत. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरची वर्गणी सगळ्यांनी सारखी द्यावी असा ठराव आला, तेव्हा परदेशातल्या मालकांचे ईमेल धडाधड आले, "आम्ही पाणी वापरतच नाही, तर का भरायचं?" तर्क बिनचूक आहे. पण पाइपलाइनसाठी महापालिकेकडे खेटे घालायचा प्रश्न आला तेव्हा त्याच मंडळींचा एकही ईमेल आला नाही.

यावरचं उत्तर मला माहीत आहे. "अहो, कोथरूडचे भाव बघितलेत का? आमच्या ऐपतीत कडेचंच घर येतं." बरोबर आहे. शहराच्या कडेला घर घेणं हा गुन्हा नव्हे, कोथरूडही एकेकाळी कडेचं खेडंच होतं. आणि आपल्याला परत जायचंच आहे, हेही खरं. इथे तीस वर्षं राबलो तरी इकामा संपला की बॅग भरायची. २०१७ मध्ये कुटुंबीयांवर माणशी महिना शंभर रियाल शुल्क लागलं आणि २०२० पर्यंत ते चारशेवर गेलं, तेव्हा आपल्यातल्या कितीतरी घरांनी बायका-मुलांना परत पाठवलं. कुठे? त्याच कडेच्या फ्लॅटमध्ये! ब्रोशरमधला जॉगिंग ट्रॅक बघून घेतलेलं घर अचानक खरंखुरं घर झालं, आणि आपल्या वहिनींनी बादल्या मोजत मुलांच्या शाळा केल्या. त्या फोनवर काय बोलत होत्या ते तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलेलं आहे. म्हणजे 'दहा वर्षांनी बघू' हा हिशेब आपल्या हातात नसतो.

तेव्हा घ्या घर, जरूर घ्या. पण प्रदर्शनातल्या टायवाल्या तरुणाला ब्रोशर मिटवून विचारा: पाणी कुठून येणार? विहीर, बोअर, टँकर, की महापालिकेची मंजूर जोडणी? जोडणी असेल तर मंजुरीचं पत्र दाखव. हमीपत्र असेल तर त्याची प्रत करारनाम्याला जोड, आणि सोसायटी झाल्यावरही ते किती वर्षं लागू राहील ते लिहून दे. मी स्वतः गेल्या वर्षी दोन स्टॉलवर हे विचारून पाहिलं. एकाने "सर, एरिया फास्ट डेव्हलप होतोय" म्हणत मला कॉफी दिली. दुसऱ्याने माझा नंबर घेतला, अजून फोन आलेला नाही. एका माणसाने विचारलं तर कॉफी मिळते, पण रांगेतल्या चाळीस जणांनी एकच प्रश्न विचारला तर पुढच्या प्रदर्शनात तो कागद त्यांना आणावाच लागेल. आणि ज्यांचे भारतीय पासपोर्ट आहेत (आखातात आपण बहुतेक सगळेच) त्यांनी आपलं नाव अनिवासी मतदार म्हणून यादीत ठेवावं. २०१० च्या दुरुस्तीपासून ते करता येतं. मत द्यायला प्रत्यक्ष जावं लागतं ही अडचण खरी, पण लग्नाच्या मुहूर्ताला सुट्टी मिळते तशी निवडणुकीलाही मागून बघायला हरकत नाही.

आता शेवटचं, आणि हे थेट आपल्या कार्यकारिणीला. तुमच्या हातातल्या या स्मरणिकेची मागची पानं उलटा. आपल्या स्मरणिकेचा खर्च दरवर्षी बऱ्याच अंशी गृहप्रकल्पांच्या जाहिरातींतून निघतो. मी कार्यकारिणीला पत्र दिलं आहे की पुढच्या वर्षीपासून गृहप्रकल्पाची प्रत्येक जाहिरात घेताना जाहिरातदाराकडून पाण्याचा स्रोत लेखी घ्यावा आणि तो जाहिरातीखाली ठळक अक्षरांत एका ओळीत छापावा. 'टँकर' असेल तर 'टँकर' छापावं. लपवायचं असेल तर जाहिरात घेऊ नये. खजिनदारांचा चेहरा मला इथूनही दिसतो आहे! म्हणून त्याच पत्रात हेही लिहिलं आहे की या अटीमुळे जाहिरात गेली तर पहिल्या वर्षी दोन पूर्ण पानांपर्यंतची तूट मी आणि आणखी चार सभासद मिळून भरून देऊ. पाचही जणांच्या सह्या त्या पत्रावर आहेत.